मैकलातील सेवाव्रती : बैहर ते करंजिया

मध्य प्रदेशाच्या नकाशावर गोंदियाच्या उत्तरेस बोट ठेवून वर सरकू लागले, की वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचा सपाट मुलूख संपतो आणि सालवनांनी वेढलेला बैहरचा डोंगराळ पठारी प्रदेश लागतो. याच पठाराच्या पूर्व अंगास, छत्तीसगडच्या सीमेकडे, बिरसा हे गाव आहे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीमुळे अलीकडे या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येते. एरवी बैगा आणि गोंड यांची वस्ती, कान्ह्याचे जंगल आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा हीच त्याची जुनी ओळख. बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागाशी, लांजी-वारासिवनीशी, मराठी माणसाचा संबंध पूर्वापार आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथवर होता आणि गोंदिया-भंडाऱ्याशी सोयरसंबंध आजही आहेत. परंतु घाट चढून बैहर-बिरशाकडे गेलेला मराठी माणूस मात्र विरळाच. तेथे सरकारी नोकर गेले, लाकडाचे ठेकेदार गेले आणि आणखी एका वर्गाची माणसे गेली. ती म्हणजे ख्रिस्ती मिशनचे सेवक. त्यांपैकी बहुतेकांना हा देशच परका होता.

आपल्या ग्रंथालयाच्या या शतकमहोत्सवी ग्रंथासाठी विषय निवडताना या लोकांचा विचार मनात आला, त्याला एक कारण आहे. मिशनचा इतिहास आपल्याकडे दोन प्रकारे लिहिला गेला आहे. एक प्रकार मिशनच्या अहवालांचा. त्यात किती शाळा काढल्या, किती रोगी तपासले, किती जणांनी बाप्तिस्मा घेतला यांची गणती असते. दुसरा प्रकार टीकाकारांचा. त्यात हीच गणती उलट बाजूने मांडलेली असते. या दोन्ही हिशेबांत न येणारी गोष्ट म्हणजे त्या माणसांचे रोजचे जगणे. सकाळी उठून पाणी कोठून आणले, पावसाळ्यात चूल कशी पेटवली, ताप आला तेव्हा कोणी जवळ बसले, बोली कोणाकडून शिकली, भांडणे कोणी मिटवली. मला असे वाटते, की मैकलच्या मुलखात टिकून राहिलेले जे काही आहे, ते या रोजच्या जगण्यातून निर्माण झाले. त्या जगण्यात एका मराठी माणसाचा वाटा फार मोठा होता आणि तो आपण मराठी वाचकांनी अजून पुरेसा ओळखलेला नाही.

विषयाची सुरुवात नागपुरापासून करावी लागते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय विदर्भातल्या वाचकांना ठाऊक आहे. हिस्लॉप धर्मोपदेशक तर होतेच, पण भूगर्भशास्त्राचे अभ्यासकही होते. पायी व घोड्यावरून हिंडताना त्यांनी दगड गोळा केले, तशीच गोंडांची गाणी आणि कथाही गोळा केल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पश्चात राहिलेले कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा त्यांतूनच विद्वानांसमोर आली. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. हिस्लॉप यांच्या प्रवचनांची आठवण आज फारशी कोणाला नाही, परंतु वाटेत थांबून ऐकलेल्या त्या गाथेवाचून गोंडांचा अभ्यास पुढे सरकत नाही.

हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८६७ साली, बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला. घाटावरच्या बैहर पठारावर वस्ती वाढावी, शेती व्हावी, हा त्यामागील एक मोठा हेतू होता. खालून पोवार शेतकरी आणून वसवण्यात आले. बैगांनी मात्र नांगर धरण्यास नकार दिला. नांगराने धरतीमातेची छाती फाडू नये, अशी त्यांची श्रद्धा. झाडे तोडून, वाळवून, जाळून, त्या राखेत बी फेकायचे आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही त्यांची ‘बेवर’ पद्धत. सरकारच्या वनखात्याला ती विध्वंसक वाटली आणि तिच्यावर एकामागून एक निर्बंध आले. १८९० साली मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ नावाचा एक मर्यादित टापू राखून तेवढ्यापुरती बेवर चालू ठेवण्यात आली. बालाघाटच्या बैगांना मात्र नांगराकडे वळवण्याचे प्रयत्न झाले. कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याने बैगांविषयी १८८५ साली टिपणे लिहिली, तीही याच खटपटीच्या काळातली.

या पार्श्वभूमीवर बैहरला मिशन आले. तेथील मिशनरी रेव्हरंड जे. लँपर्ड यांचे नाव आज बालाघाटातही क्वचितच कोणी घेत असेल. पण रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात बैगांचा लेख उघडून पाहावा. हा लेख मुख्यतः बैहरच्या लँपर्ड यांच्या टिपणावर आधारलेला आहे, असे तेथे ग्रंथकारांनी स्वच्छ नमूद केले आहे. बैगांच्या लग्नविधींपासून त्यांच्या देवदेवतांपर्यंतची जी माहिती पुढे अनेक पुस्तकांत फिरत राहिली, तिचा एक उगम बैहरसारख्या आडगावी राहणाऱ्या या माणसाच्या वहीत आहे.

अशी वही तयार होण्यास काय लागत असे, याची कल्पना आज करणे कठीण आहे. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत सुरू झाली. त्यापूर्वी खालच्या मुलखातून बैहरला यायचे म्हणजे बैलगाडीने किंवा घोड्यावरून घाट चढायचा. रेल्वे आली तरी बैहर तिच्यापासून दूरच राहिले. पावसाळ्याचे चार महिने नदी-नाले वाट अडवीत. कोयनेलची पुडी हा प्रत्येकाच्या पेटीतला पहिला जिन्नस, कारण या पठारावरचा हिवताप कुप्रसिद्ध होता. विलायतेचे पत्र यायला कित्येक आठवडे लागत. अशा ठिकाणी मनुष्य वर्षानुवर्षे राहिला, की त्याला शेजाऱ्यांवाचून दुसरी सोबत उरत नाही. शेजाऱ्याच्या घरी लग्न निघाले तर तेथे जायचे, मरण आले तर तेथेही जायचे. लँपर्ड यांचे टिपण ही अशा शेजाराची फलश्रुती म्हणता येईल.

त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर आले. या दुष्काळांनी मिशनचे रूपच पालटले. उपदेशासाठी आलेल्यांना धान्य वाटावे लागले, अनाथ मुले सांभाळावी लागली, विहिरी व बांध यांची कामे काढावी लागली. अमेरिकन मेनोनाइट पंथाचे लोक १८९९ साली छत्तीसगडात धमतरीला आले, ते या दुष्काळाची वार्ता ऐकूनच. त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेने पुढे चांपा येथे कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली. परदेशातून आलेल्या या स्त्रीपुरुषांना आपल्या गावी शेतीची सवय होती. येथे त्यांच्या हाती अन्नछत्राच्या पळ्या आणि जखमा धुण्याच्या पट्ट्या आल्या. दुष्काळात वाचलेल्या अनाथांपैकी अनेकांना पुढे बाप्तिस्मा मिळाला आणि त्यावरून वादही झाले. तो वाद खोटा नाही. भुकेल्या माणसाची निवड किती स्वतंत्र असते, हा प्रश्न रास्तच आहे. पण ज्या हाताने भाकरी दिली, त्या हाताचे कष्टही खोटे नव्हते.

येथपर्यंतची कथा परदेशी माणसांची झाली. आता तिला एक मराठी धागा येऊन मिळतो आणि तोही साहित्याच्या वाटेने. बिरशाच्या दक्षिणेस, फार दूर नाही, राजनांदगाव आहे. नारायण वामन टिळक याच राजनांदगावी नोकरीनिमित्त जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले आणि त्यांच्या हाती बायबल आले, ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या आवारातील रोजचे जगणे कसे असते, तेथील चूल, शिवाशीव, उसनवारी आणि माणुसकी ही कशी असते, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये जसे सांगितले, तसे कोणत्याही मिशनरी अहवालाला सांगता आलेले नाही. टिळक स्वतः मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात मिशनच्या चौकटीला कंटाळले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांना सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबार अपुरा राहिला.

टिळकांच्या या विचाराने भारावलेल्यांपैकी एक होते अहमदनगरकडे काम करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो. त्यांनी टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले; ते १९२३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच्या वर्षी, १९२२ साली, त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. युरोपीय आणि भारतीय सभासदांनी एकाच छपराखाली, समान पायरीवर राहायचे, खादी वापरायची, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घ्यायचे, असा तो आश्रम. बंगला, खानसामा आणि पंखा ओढणारा नोकर हा मिशनरी राहणीचा जो ठरलेला साचा होता, तो येथे जाणूनबुजून मोडला गेला. पुण्यातील या संघात नोव्हेंबर १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून एक पंचविशीतला तरुण दाखल झाला. त्याचे नाव व्हेरिअर एल्विन.

एल्विन यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते. मुलाने ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला होता आणि चर्चमध्ये त्याच्यापुढे मानाची पदे वाट पाहत होती. पुण्याला आल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९२८ मध्ये, ते साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या सहवासाने त्यांचे जीवन बदलले. १९३० च्या चळवळीत त्यांनी उघडपणे काँग्रेसची बाजू घेतली. याच संघात त्यांना आयुष्यभराचा सोबती भेटला. ते शामराव हिवाळे. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा तरुणही सेवेच्या ओढीनेच संघात आला होता. पुढे दोघांनी संघ सोडला आणि एखाद्या उपेक्षित भागात जाऊन राहण्याचे ठरवले. अस्पृश्यांसाठी पुष्कळ लोक काम करीत आहेत, गोंडांकडे मात्र कोणी पाहत नाही, असे सांगून जमनालाल बजाज आणि वल्लभभाई पटेल यांनी त्यांना गोंडांचा मुलूख सुचवला. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा हे दोघे तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ते अमरकंटकाजवळच्या करंजिया या गावी पोहोचले. करंजिया त्या वेळी मंडला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते डिंडोरी जिल्ह्यात आहे. बैहर-बिरशाच्या ईशान्येस, त्याच मैकल रांगेत, त्याच बैगा-गोंडांच्या वस्तीत.

बैहरच्या मिशनमागे निदान एका संस्थेचे बळ होते. करंजियाला हेही नव्हते. नागपूरच्या बिशपने एल्विन यांना धर्मोपदेशकाचा परवाना देण्याचे नाकारले, कारण राजनिष्ठेची शपथ घेण्यास ते तयार नव्हते. सरकारची नजर होतीच. त्याच वर्षी प्रकृतीसाठी इंग्लंडला गेलेल्या एल्विन यांना भारतात परतण्याची परवानगी मिळेना. राजकारणात भाग घेणार नाही आणि आपले काम गोंडांपुरतेच ठेवीन, असे लेखी दिल्यावर ती मिळाली. स्वतःच्या साम्राज्यात स्वतःच्याच सरकारकडे जामीन ठेवून हा इंग्रज आपल्या झोपडीत परत आला.

झोपडी माती-बांबूचीच होती. संत फ्रान्सिसच्या नावाने आश्रम उभा राहिला, सोबत एक छोटे प्रार्थनागृह. ‘गोंड सेवा मंडळ’ अशी संस्था निघाली. इंग्लंडमधील आणि मुंबईतील स्नेह्यांच्या देणग्यांवर तिचा खर्च चाले, म्हणजे रात्री कंदिलापुढे बसून मदतीसाठी पत्रे लिहिणे हाही दिनक्रमाचा भाग होता. दवाखाना निघाला. आसपासच्या खेड्यांत लहान लहान शाळा निघाल्या. कुष्ठरोग्यांसाठी घर बांधले गेले. गावकऱ्यांनी या दोघांना आपल्या नात्यागोत्याच्या भाषेत बसवून घेतले. एल्विन ‘बडा भाई’ झाले आणि शामराव ‘छोटा भाई’.

या दिवसांची एल्विन यांनी लिहिलेली रोजनिशी १९३६ साली ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परदेशात राहणाऱ्या सेवकाच्या नित्य जीवनाचे इतके मोकळे चित्रण क्वचितच आढळेल. मिशनरी वाङ्मयात जो करुण-उदात्त सूर सहसा असतो, तो येथे जवळजवळ नाहीच. लेखक स्वतःला हसतो. ताप, कीटक, वाघाची वार्ता, अवेळी येणारे पाहुणे, शाळेतली मुले, भगत आणि त्यांचे मंत्र हे सर्व एकाच पातळीवर येते. सेवा करायला आलेला माणूस पहिल्या वर्षी स्वतःच सेवेचा विषय होतो, कारण त्याला ना पाणी भरता येते, ना पाऊसवारा कळतो. हिवतापाने अंथरूण धरलेल्या बड्या भाईकडे गावानेच पाहायचे. दाता कोण आणि याचक कोण, हा हिशेब रोज नव्याने मांडावा लागत असे.

सोबत आणलेल्या तत्त्वांचीही हीच गत झाली. हे दोघे आले तेव्हा गांधीजींचा कार्यक्रम घेऊन आले होते. चरखा चालवायचा होता, पण त्या डोंगरात कापूसच पिकत नव्हता. बाहेरून कापूस आणून सूत काढायला लावण्यात गोंडांचे कोणते स्वावलंबन साधणार? दारूबंदीचा उपदेश करायचा होता, पण मोहाची दारू जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य या सर्वांत गुंतलेली होती. एकेक करून ही तत्त्वे गळून पडली. कोणी वादात त्यांना हरवले म्हणून हे झाले नाही. चुलीशेजारी बसून पाहिले म्हणून झाले. शेवटी खुद्द धर्मप्रसाराचा हेतूही उरला नाही. १९३५ साली एल्विन यांनी चर्चचा त्याग केला. प्रार्थना करणारा सेवक ऐकणारा अभ्यासक बनला. हा बदल ज्यांना पटला नाही, अशांत जुने धर्मबंधू होते आणि काही गांधीवादी स्नेहीही होते.

ऐकण्यातून मोठे काम निघाले. १९३९ साली प्रसिद्ध झालेला ‘द बैगा’ हा ग्रंथ मंडला, बालाघाट आणि आसपासच्या भागांतील बैगांचा पहिला सविस्तर अभ्यास होय. बेवर हिरावल्याने या लोकांच्या मनाचा आधार कसा तुटला, हे त्यात दाखवले आहे. लँपर्ड यांच्या टिपणातून बैगांचे रीतिरिवाज कळले होते. एल्विन यांच्या ग्रंथातून त्यांचे दुःख कळले. मात्र बैगांसाठी एखाद्या राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव प्रदेश असावा, अशी जी सूचना त्यात आली, तिने वाद पेटवला. मुंबई विद्यापीठातील आपले थोर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली एक पुस्तकच लिहून हे लोक वेगळे नसून हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असे प्रतिपादन केले. आदिवासींना वेगळे ठेवणे म्हणजे त्यांना वस्तुसंग्रहालयात ठेवणे, हा त्या काळचा आक्षेप आजही ऐकू येतो. त्यात तथ्य होते आणि एल्विन यांनीही पुढे आपली भूमिका पुष्कळ मवाळ केली. पण घुर्ये ग्रंथांतून बोलत होते आणि एल्विन शेजारातून, हा फरक वाचकाने विसरू नये.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १९४४ साली याच एल्विन यांनी मंडला जिल्ह्यातील कॅथलिक मिशनच्या शाळा आणि धर्मांतरे यांविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि ठक्करबाप्पांसारख्या नेत्यांनी त्यांना साथ दिली. मिशनरी म्हणून आलेला माणूस मिशनचा टीकाकार झाला. पुढे १९५४ साली, राजधानी नागपुरात असताना, मध्य प्रदेश सरकारने निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणावेसे वाटते, की मैकलात आलेली माणसे एकाच साच्याची नव्हती. लँपर्ड, मेनोनाइट सेवक, मंडल्याचे कॅथलिक पाद्री आणि एल्विन यांना ‘मिशनरी’ या एकाच शब्दात कोंबले, की कोणाचीच ओळख राहत नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेखप्रपंच केला, त्या शामरावांकडे वळू. जगाने एल्विन यांना ओळखले. त्यांना १९६१ साली पद्मभूषण मिळाले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शामराव मात्र तळटिपेत राहिले. वस्तुतः करंजिया, पुढे सरवाछापर आणि नंतर पाटणगढ येथे आश्रम चालला तो त्यांच्या खांद्यावर. एल्विन महिनोन् महिने दौऱ्यावर, कधी बस्तरला, कधी ओरिसात असत. दवाखान्यापुढची रांग, शाळामास्तरांच्या तक्रारी, नवराबायकोची भांडणे, सावकाराचा तगादा, पोलिसाची दटावणी या सर्वांना सामोरे जाणारा माणूस शामराव. लोकांशी मैत्री जोडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती, हे एल्विन यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. मंडल्याचे गोंड बहुतांशी हिंदीची एक बोली बोलतात. मराठी माणसाला ती ऑक्सफर्डच्या माणसापेक्षा निश्चितच जवळची होती. १९३५ आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या मैकलच्या लोकगीतांच्या दोन्ही संग्रहांवर दोघांची नावे आहेत. ती उपचारापुरती नव्हेत.

शामरावांचे स्वतःचे मोठे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले. विषय, वरच्या नर्मदा खोऱ्यातील परधान. परधान म्हणजे गोंडांचे भाट, बाना हे तंतुवाद्य वाजवीत गोंड राजांच्या गाथा गाणारे. चंद्रपूर-यवतमाळकडील वाचकाला परधान हा शब्द नवा नाही. याचक म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या जमातीच्या गाण्यांत, विनोदात आणि आठवणींत केवढे भांडार आहे, हे दाखवणारे हे पुस्तक एका मराठी माणसाने इंग्रजीत लिहिले. त्याच वर्षी त्यांनी एल्विन यांचे चरित्रही प्रसिद्ध केले. सोबत्याचे चरित्र लिहिले, स्वतःचे मात्र लिहिले नाही. एल्विन १९५४ साली ईशान्य सीमाप्रदेशाचे सल्लागार झाले आणि शिलाँगला स्थायिक झाले. शामराव मात्र मैकलातच राहिले. परदेश हा केवळ समुद्रापलीकडे असतो असे नाही. आपली भाषा, आपले अन्न आणि आपले गणगोत सोडून सालवनात आयुष्य काढणाऱ्या मराठी माणसालाही ते परदेशी राहणेच होते. फरक एवढाच, की त्याला परत जायला जहाज लागत नव्हते आणि तरीही तो परतला नाही.

नित्य जीवनाचा इतिहास लिहायचा, तर आणखी एका व्यक्तीचे नाव घेणे भाग आहे. एल्विन यांनी १९४० साली गोंड रीतीने कोसी या तरुणीशी विवाह केला. त्यांच्या दौऱ्यांत ती सोबत असे. स्त्रियांच्या जगातील ज्या गोष्टी परक्या पुरुषाला कळणे अशक्य, त्या कळण्यास तिचे असणे साहाय्यभूत झाले असलेच पाहिजे. १९४९ साली घटस्फोट झाला. पुढे एल्विन यांनी पाटणगढच्या लीला यांच्याशी विवाह केला आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला. कोसीने मात्र पुढील दीर्घ आयुष्य आपल्याच मुलखात, हलाखीत काढले. त्यांच्या आत्मचरित्रात तिच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. रामचंद्र गुहा यांनी १९९९ च्या आपल्या एल्विन-चरित्रात हे प्रकरण झाकले नाही, हे योग्य झाले. सेवेच्या आयुष्यालाही एक घर असते आणि त्या घरात कोणाची किंमत चुकली, हे न पाहता केलेला गौरव अपुरा ठरतो. एल्विन यांच्या ग्रंथांचे ऋण मान्य करूनही हे म्हणावेच लागते.

या सर्वांतून मागे काय उरले? आश्रमाच्या मातीच्या भिंती केव्हाच मातीस मिळाल्या. पण बैगांच्या अधिवासाचा प्रश्न मिटला नाही. १८९० साली आखलेल्या बैगा चकातील काही गावांना २०१५ साली वनाधिकार कायद्याखाली अधिवासाचे हक्क मान्य झाले. १९३९ च्या ग्रंथात मांडलेल्या गाऱ्हाण्याला न्यायाचा एक अंश मिळायला इतकी वर्षे लागली. पाटणगढात जन्मलेल्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाने भिंतीवरची चित्रे कागदावर आणली, भोपाळच्या भारत भवनातून ती जगभर गेली आणि २००१ साली जपानमध्ये त्याचा दुर्दैवी अंत झाला तेव्हा त्याची एक स्वतंत्र चित्रशैली मागे राहिली होती. परधान हे कलावंत आहेत, असे शामरावांनी १९४६ साली लिहिले होते. त्या पुस्तकाने जनगढ घडवला, असे मुळीच म्हणता येणार नाही. तो त्याच्या पूर्वजांच्या गाण्याने घडला. पण त्या गाण्याकडे कान देणारा एक लेखक आपल्या भाषेतला होता, याचा आनंद मानण्यास हरकत नसावी.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयाला या कथेतून काही घेण्याजोगे आहे असे वाटते. शामरावांचे परधानांवरील पुस्तक मूळ इंग्रजीत पडून आहे. ‘स्मृतिचित्रे’ ज्या फडताळात आहे, त्याच फडताळात ते मराठीत येऊन बसले पाहिजे. ही दोन्ही पुस्तके एका घराण्याची आहेत. मोठ्या उद्देशाने निघालेल्या माणसांच्या चुलीजवळ काय घडले, ते दोन्ही सांगतात. आपल्या सभासदांत इंग्रजी उत्तम जाणणारे आणि गोंडी-छत्तीसगढी बोलींशी परिचय असलेले पुष्कळ लोक आहेत. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकातील पहिल्या कामांत या अनुवादाचा समावेश व्हावा, अशी विनंती येथे नोंदवून ठेवतो. आश्रयदात्यांनी मनावर घेतले, तर दोन-तीन वर्षांत हे काम सहज पुरे होईल. बालाघाटकडचे वाचकही मग ते मागायला येतील, आणि घाटावरच्या आपल्या शेजाऱ्यांविषयी एका मराठी माणसाने काय लिहिले, हे त्यांना प्रथमच मराठीत वाचता येईल.